दाताची खुंटी आणि हाडाची पकड

१९३१ साली मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात, उलुआ नदीच्या खोऱ्यात, माया लोकांच्या एका जबड्याचा तुकडा सापडला. तो इसवी सन ६०० च्या सुमाराचा असावा असे मानतात. खालच्या तीन पुढल्या दातांच्या जागी शिंपल्याचे, दाताच्या घाटाचे तीन तुकडे त्यात बसविलेले होते. प्रथम समजूत अशी झाली की, माणूस मेल्यावर त्याला परलोकी बोळके पाठवू नये म्हणून आप्तांनी हा उपचार केला असावा. पुढे १९७० च्या सुमारास ब्राझीलचे दंतवैद्य अमादेव बोबियो यांनी त्या जबड्याची क्ष-किरण चित्रे घेतली. शिंपल्याभोवती हाड दाट वाढलेले दिसले. मेलेल्या माणसाचे हाड वाढत नाही. म्हणजे ते शिंपल्याचे दात जिवंतपणी बसविलेले होते आणि त्या माणसाने ते वापरलेही होते.

परक्या पदार्थाला हाडाने धरले आहे की नाही हे ठरविण्याची ही एक रीत झाली. तेराशे वर्षांनंतर हाडाकडे पाहायचे आणि उत्तर द्यायचे! जिवंत माणसाच्या तोंडात खुंटी बसविणाऱ्या वैद्याला एवढी सवड नसते. तिला हाडाने किती घट्ट धरले आहे, लेप दिलेली खुंटी बिनलेपाच्या खुंटीहून बरी काय, हे त्याला आज कळावयास हवे. ही पकड मोजण्याचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत. आम्ही दंतवैद्य नाही. आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर गेले. तेथे मोजमाप हा रोजच्या भांडणाचा विषय असतो: नग किती झाले, मिनिटे किती लागली आणि घड्याळ कोणाच्या हातात होते. म्हणून कोणीही एखादा आकडा पुढे केला की, तो कशाचा, केव्हा घेतला आणि कोणी घेतला, हे विचारण्याची खोड आम्हाला जडली आहे. ती येथे उपयोगी पडली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यांची धारणा अशी होती की, शरीर परक्या धातूला कधी आपले म्हणत नाही. हाड त्याच्यापासून चार हात दूर राहते आणि मध्ये तंतूंचे एक मऊ वेष्टण तयार होते. काही दंतवैद्य तर या वेष्टणाला गुण मानत. खऱ्या दाताभोवतीही तंतूंची गादी असतेच, तेव्हा कृत्रिम दातालाही ती हवी, असा त्यांचा युक्तिवाद. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात लिओनार्ड लिंकाव यांनी पात्यासारखी चपटी खुंटी प्रचारात आणली, तिच्या पाठीराख्यांचे म्हणणे साधारण हेच होते. मात्र त्या वेष्टणाचे तंतू खऱ्या दाताच्या तंतूंसारखे धातूत रुजलेले नसत. ते नुसते त्याला लपेटून असत. खुंटी हलू लागली की वेष्टण जाड होई, वेष्टण जाड झाले की खुंटी अधिक हले.

या धारणेला तडा गेला तो दातांच्या संशोधनातून नव्हे. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक नळकांडी हाडात बसविली. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने जिवंत हाडातील रक्तप्रवाह दिसे. काम संपल्यावर महागडी नळकांडी काढून पुन्हा वापरायची, तर ती निघेना. हाड तिला चिकटले होते. या शास्त्रातील पहिले मोजमाप हे असे झाले. त्यात आकडा नव्हता, ‘निघत नाही’ एवढेच होते.

पुढे गॉथेनबर्ग येथे १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमच्या चार खुंट्या बसविल्या. जन्मापासून त्यांच्या जबड्यात व्यंग होते आणि दात नव्हते. लार्सन २००६ साली वारले तोवर त्या खुंट्या त्यांच्या कामी येत होत्या. परंतु १९६५ नंतरची दहाबारा वर्षे स्वीडनच्या दंतवैद्यकातील पुष्कळ धुरीणांनी या कामावर विश्वास ठेवला नाही. त्यांचा आक्षेप अगदीच द्वेषमूलक नव्हता. धातूला हाड थेट भिडते, मध्ये मऊ थर नाही, असे तुम्ही म्हणता, तर ते दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि दाखविता येत नव्हते.

का येत नव्हते, हे समजून घेण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हाड पाहायचे तर त्याचा पातळ काप हवा. हाड कठीण, म्हणून ते आम्लात ठेवून त्यातील चुना काढून टाकीत, मऊ करीत आणि मग पात्याने कापीत. पण धातू पात्याने कापला जात नाही. तेव्हा कापण्यापूर्वी खुंटी उपसून काढणे भाग पडे आणि ती उपसताना तिच्या अंगचा थर फाटून जाई. ज्या सांध्याची साक्ष काढायची, तोच साक्ष देण्यापूर्वी मोडला जाई. उरलेल्या भोकाच्या कडेला काय होते, यावर दोन्ही पक्षांना हवे ते म्हणता येत असे.

ही कोंडी स्वित्झर्लंडमध्ये फुटली. वाल्डेनबुर्ग गावी स्ट्राउमान यांची एक संशोधनसंस्था होती. तिचे मूळ काम घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी मिश्रधातू शोधण्याचे. तिच्या धातुतज्ज्ञांबरोबर बर्नचे प्राध्यापक आंद्रे श्रोडर यांनी काम केले आणि हाडातला चुना न काढता, धातू जागच्या जागी ठेवून, दोन्ही एकत्र कापण्याची रीत वापरली. माकडांच्या जबड्यात बसविलेल्या पोकळ नळीसारख्या खुंट्यांचे असे काप १९७६ साली प्रसिद्ध झाले. हाड धातूला थेट भिडलेले त्यांत दिसले. श्रोडर यांनी या अवस्थेला ‘कार्यक्षम अँकिलोसिस’ म्हटले. ब्रोनेमार्क यांच्या मंडळींनी १९७७ पासून ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हा शब्द चालविला, आपण त्याला अस्थिबंधन म्हणू. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. श्रोडर यांच्या त्या खुंट्या गुळगुळीत नव्हत्या. टायटॅनियमचीच भुकटी प्रखर उष्णतेच्या झोताने वितळवून त्यांच्यावर फवारलेली होती. म्हणजे डोळ्यांना पटणारा हा पुरावा मिळाला तोच मुळी लेप दिलेल्या खुंटीवर. १९८२ साली हाम्बुर्गच्या कार्ल डोनाट यांनी हाड आणि धातू राळेत पक्के करून करवतीने कापायचे व काप सुमारे दहा मायक्रॉनपर्यंत घासून पातळ करायचा, ही रीत बसवून दिली. जगभर आज तीच चालते.

काप मिळाला की मोजणी सुरू होते. खुंटीच्या कडेची एकूण लांबी मोजायची, त्यापैकी किती लांबीला हाड टेकले आहे ते मोजायचे आणि शेकडा प्रमाण काढायचे. कडा दहा मिलिमीटर असून सहा मिलिमीटरला हाड भिडले असेल, तर भिडणी साठ टक्के. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. पण एका खुंटीतून मिळतात एकदोन काप, आणि खुंटी तर चारी अंगांनी गोल. दुसऱ्या बाजूला काय आहे ते काप सांगत नाही. शिवाय भिडणे आणि चिकटणे यांत भेद आहे. भिंतीला टेकलेली शिडी भिंतीला भिडलेली असते, चिकटलेली नसते. आणखी एक प्रकार वाचून तर आमचे कान टवकारले. स्क्रूसारख्या खुंटीच्या बाबतीत कित्येक निबंधांतून साऱ्या आट्यांची भिडणी देतात आणि तिच्याबरोबर सलग तीन उत्तम आट्यांची भिडणी निराळी देतात. यामागे कारण आहे: खुंटीची टोके कधी पोकळ मगजात जातात, तेथे मुळात हाडच नसते. दोन्ही आकडे शेजारी छापले असतील तर तक्रार नाही. पण पाळीतले उत्तम तीन तास मोजून दिवसाचे काम ठरविणारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून कोणी एकच टक्केवारी सांगितली की ती कोणत्या आट्यांची, हे आम्ही विचारू.

खरोखर चिकटणाऱ्या पदार्थाचा शोध याच सुमारास निराळ्या वाटेने चालला होता. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच हे काचेचे व मृत्तिकाद्रव्यांचे तज्ज्ञ. १९६७ साली एका परिषदेला बसने जाताना शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक सैनिकी अधिकारी बसला होता. शरीर ज्याला झिडकारणार नाही असा पदार्थ तुम्हाला करता येईल का, असे त्याने विचारले. हातपाय तुटलेले सैनिक तो रोज पाहत होता. हेंच यांनी वाळू, सोडा, चुना आणि थोडे फॉस्फेट यांची काच तयार केली. तीत सिलिकाचे प्रमाण शेकडा ४५, म्हणजे खिडकीच्या काचेपेक्षा पुष्कळच कमी. १९६९ साली टेड ग्रीनली या शल्यवैद्यांनी तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविले. सहा आठवड्यांनी पाहतात तो तुकडे ढकलून, ठोकून हलेनात. काचेच्या अंगावर हाडातल्या खनिजासारखाच थर जमला होता आणि त्यात हाड गुंतले होते. मात्र काच ठिसूळ, चावण्याचा भार तिला एकटीला पेलणारा नव्हे. तेव्हा भार धातूने घ्यावा आणि हाडाशी सोयरीक लेपाने करावी, ही कल्पना सहज सुचणारी होती.

लेपासाठी मग निवड झाली ती हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची. हे कॅल्शियम व फॉस्फरस यांचे खनिज, आपल्या हाडातील खनिजाचे जवळचे भावंड. हॉलंडमधील लायडनचे डी ग्रोट आणि त्यांचे सहकारी यांनी या फवारलेल्या लेपाविषयीचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध केला. त्या दशकात असे लेप दिलेल्या खुंट्या बाजारात आल्या आणि वैद्यांनी त्या उत्साहाने वापरल्या. लेपाची जाडी साधारण पन्नास मायक्रॉन असे. भुकटी हजारो अंशांच्या झोतातून धातूवर आदळते, त्या प्रवासात तिचा काही भाग बिघडतो. सुबक स्फटिकाऐवजी काचेसारखा बेशिस्त पदार्थ किंवा निराळी फॉस्फेटे होतात आणि ती शरीराच्या द्रवात अधिक लवकर विरघळतात. हे दुखणे पुढे फार गाजले.

लेपाची पारख करायची तर जोर लावून पाहिले पाहिजे, हे उघड होते. सर्वांत सोपी कसोटी ढकलण्याची. प्राण्याच्या हाडात गुळगुळीत दंडगोल बसवायचा, ठराविक आठवड्यांनी प्राणी मारून ते हाड यंत्रावर ठेवायचे आणि दंडगोल एका बाजूने दाबून बाहेर काढायचा. लागलेला जोर भागिले अंगाचे क्षेत्रफळ. उदाहरणादाखल, दंडगोल चार मिलिमीटर व्यासाचा व हाडात दहा मिलिमीटर गेलेला असेल, तर अंग सुमारे १२६ चौरस मिलिमीटर भरते. तो एक हजार न्यूटन जोराला, म्हणजे जवळजवळ शंभर किलो वजनाला निघाला, तर पकड सुमारे आठ मेगापास्कल. स्क्रूची कसोटी निराळी. तो उलटा पिळायचा आणि किती पिळाला सुटतो ते पाहायचे. गॉथेनबर्गच्या योहान्सन व आल्ब्रेक्टसन यांनी १९८७ साली सशांवर दाखवून दिले की, हा पीळ तीन आठवड्यांच्या मानाने वर्षाअखेर कितीतरी पट वाढतो. तेव्हा किती आठवड्यांनी मोजले हे न सांगता दिलेला पिळाचा आकडा कवडीमोलाचा.

ढकलण्याच्या कसोटीतही मेख आहे. हाडाखाली जो आधार असतो, त्याच्या भोकाची कड दंडगोलाच्या किती जवळ आहे यावर आकडा बदलतो. १९९२ साली डेर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखविले की, ही मोकळीक निदान ०.७ मिलिमीटर ठेवली पाहिजे, नाहीतर ताण सांध्यावर सारखा पसरत नाही. दोन प्रयोगशाळा एकाच लेपाचे आकडे निराळे देत, त्यातला काही वाटा हाडाचा नसून या पाटाचा होता. शिवाय खडबडीत अंग हाडात अडकून बसते, ती अडवणूक, चिकटणे नव्हे. हा भेद करण्यासाठी क्योटोच्या नाकामुरा प्रभृतींनी १९८५ साली चपट्या तुकड्याला हाडापासून सरळ ओढून सोडविण्याची कसोटी वापरली. २००२ साली ओस्लोच्या रोनोल्ड व एलिंगसेन यांनी नाण्यासारख्या चकत्या तशाच ओढून पाहिल्या. सरळ ओढले की अडवणुकीचा हातभार बराच कमी होतो.

आमच्या मते या साऱ्या कसोट्यांत खरा प्रश्न एकच: तुटले कोठे? लेप दिलेल्या खुंटीला सांधे दोन असतात, हाडाचा लेपाशी आणि लेपाचा धातूशी. ज्यांनी कल्हईवाल्याला काम करताना पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. भांडे तापवून नवसागराने साफ केले नसेल, तर कथील वरून कितीही चकाको, ते धरत नाही. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या पुष्कळ नमुन्यांत असेच दिसून आले. हाडाने लेपाला घट्ट धरले आणि लेपच धातूवरून सुटला किंवा स्वतः मध्येच फुटला. अशा वेळी यंत्रावर आलेला आकडा हाडाच्या पकडीचा नसतोच, तो फवारणाऱ्याच्या कारागिरीचा असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणात लेप व धातू यांच्या सांध्याला सरासरी किमान १५ मेगापास्कल ताण सोसण्याची अट घातली गेली ती यामुळेच. नमुना तुटल्यावर त्याचे दोन्ही अर्ध सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिल्यावाचून अशा आकड्यावर विसंबू नये.

१९९१ साली बर्नच्या डॅनियल बूझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुटक्या जातीच्या डुकरांच्या पायांच्या हाडांत सहा प्रकारच्या पृष्ठभागांची तुलना केली. तीन व सहा आठवड्यांनी काप काढले. झिलई दिलेल्या गुळगुळीत टायटॅनियमला हाडाची भिडणी २० ते २५ टक्के होती आणि टायटॅनियमची भुकटी फवारलेल्याला ३० ते ४०. जाड वाळूचा मारा करून नंतर तीव्र आम्लाने खरवडलेल्या अंगाला ५० ते ६०, आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या लेपाला ६० ते ७०. एवढ्यावर थांबले तर लेप जिंकला. परंतु त्याच निबंधात लिहिले आहे की, लेपाचे अंग झिजत, शोषले जात असल्याची चिन्हे सातत्याने दिसली. पहिला आलेला धावपटू धापा टाकीत होता म्हणा ना! दुसऱ्या क्रमांकाच्या आम्लाने खरवडलेल्या पृष्ठभागात लेपच नव्हता, त्यामुळे लेप सुटण्याचा प्रश्नही नव्हता. तोच पृष्ठभाग १९९८ साली स्ट्राउमान यांनी बाजारात आणला.

आठवड्यांच्या या मोजपट्टीशेजारी वर्षांची मोजपट्टीही होती. १९८१ साली आडेल प्रभृतींनी गॉथेनबर्गचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला: ३७१ माणसे, ४१० दंतहीन जबडे, २,७६८ खुंट्या. वरच्या जबड्यातील ८१ टक्के आणि खालच्यातील ९१ टक्के खुंट्या स्थिर राहिल्या होत्या. या हिशेबात कोणी काप घेतला नव्हता की पीळ दिला नव्हता. माणसांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासणे, एवढेच केले होते. आम्हाला या साऱ्या वाङ्मयात या कंटाळवाण्या कामाचा सर्वांत अधिक आदर वाटला. १९८२ साली टोरोंटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरविलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील वैद्यांना जे पटले, त्यात या माणसांच्या मोजणीचा वाटा मोठा होता. १९८६ साली यशाच्या अटी ठरल्या: खुंटी हलता कामा नये, क्ष-किरणात तिच्याभोवती काळी रेघ दिसता कामा नये, वेदना व जंतुदोष नको, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरसाल ०.२ मिलिमीटरहून कमी हवी, आणि पाच वर्षांअखेर निदान ८५, दहा वर्षांअखेर निदान ८० टक्के खुंट्या यशस्वी हव्यात.

या पट्टीवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा कस लागला तो १९९० नंतरच्या दशकात. लेप विरघळतो, त्याचे कपचे सुटतात, हिरडीतून वर उघडा पडला की जंतू धरतो, अशा तक्रारी आल्या. १९९८ साली आल्ब्रेक्टसन यांनी हा लेप वापरू नये असा स्पष्ट निबंधच लिहिला. गॉथेनबर्ग हे बिनलेपाच्या खुंटीचे माहेरघर, हे तो वाचताना ध्यानात असावे. कारण २००० साली अमेरिकेत अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा लेप दिलेल्या खुंट्यांची टिकण्याची टक्केवारी इतरांहून वाईट आढळली नाही. लेप सारे एका प्रतीचे नव्हते, हे या मतभेदाचे एक कारण आम्हाला दिसते. ‘लेप’ हा एकच शब्द लिहून चांगल्या आणि भिकार फवारणीचे आकडे एका रकान्यात टाकले गेले.

आता जिवंत तोंडाकडे वळू. रोग्याच्या जबड्याचा काप काढता येत नाही. उलटा पीळ देऊन पाहण्याची सूचना झाली होती, पण जे नुकते धरू लागले आहे त्याला पिळून पाहणे पुष्कळांना रुचले नाही. दंतवैद्य आरशाच्या दांड्याने खुंटीवर टिचकी देऊन आवाज ऐकत. खणखणीत आला तर ठीक, बद आला तर शंका. बाजारात माठ घेणारी बाई हेच करते आणि रेल्वेच्या यार्डात चाकांवर हातोडी मारीत जाणारा कामगारही हेच करी. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या विली शुल्टे यांनी या टिचकीचे ‘पेरिओटेस्ट’ नावाचे यंत्र केले. त्यातील दांडी चार सेकंदांत सोळा वेळा आपटते आणि उणे आठपासून अधिक पन्नासपर्यंत अंक देते. १९९६ साली ब्रिटनमध्ये नील मेरेडिथ यांनी अनुनादाची रीत मांडली. खुंटीवर लहानसा भाग बसवून तो कंप पाववायचा आणि कोणत्या कंपनसंख्येला तो सर्वाधिक थरथरतो ते पाहायचे. पकड ताठ असेल तर कंपनसंख्या चढी. तिचे रूपांतर १ ते १०० या मापात करतात. ७० च्या वर असले की बहुधा बरे मानतात, ६० च्या खाली काळजी करतात.

परंतु हे माप ताठरपणाचे आहे, चिकटण्याचे नव्हे. दाट हाडात आट्यांनी आवळून बसविलेली खुंटी पहिल्याच दिवशी मोठा अंक देते आणि त्या दिवशी तर हाड तिला चिकटलेले मुळीच नसते. पुढे दाबला गेलेला जुना भाग शरीर काढून टाकते, नवा अजून भरायचा असतो. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंक बहुधा खाली येतो आणि मग हळूहळू चढतो. एकाच दिवशी घेतलेल्या अंकाने काहीच कळत नाही, त्याच खुंटीचे आठवडा-आठवड्याचे अंक शेजारी लिहिले तर पुष्कळ कळते.

काप आणि वर्षे या दोन मोजपट्ट्या एकत्र येण्याची जागा एकच आहे. माणसाच्या जबड्यात वर्षानुवर्षे काम केलेली खुंटी काही कारणाने हाडासकट बाहेर आली तर! १९९३ साली आल्ब्रेक्टसन प्रभृतींनी अशा ३३ खुंट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाडाने सोडल्या म्हणून त्या काढलेल्या नव्हत्या. कोठे धातू मोडला होता, कोठे रोगी वारला होता. कापांत हाड धातूला भिडलेलेच दिसले.